लहानग्याचा उगारलेला हात

शास्त्रभाग : अनुवाद १:३९; नीतिसूत्रे १३:२४; होशेय ११:१–४; मार्क १०:१३–१६; कलस्सै ३:२१

हा पाठ ज्या घरांत दीड वर्षापासून साडेतीन वर्षांपर्यंतचे मूल आहे त्या घरांकरिता मुख्यत्वेकरून लिहिला आहे. उपदेशक बंधूंनी तो सायंप्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवावा, आणि आई, बाप व आजी ही तिघेही समोर असतील अशी वेळ साधावी. एकट्या आईस वाचून दाखविला तर सारा दोष तिच्याच पदरी बांधला जाईल, आणि तसा आमचा हेतू नाही.

विषय किरकोळ वाटेल. मूल दुडूदुडू चालू लागते, दोनचार शब्द बोलू लागते, आणि एके दिवशी आईच्या गालावर फाडकन चापट मारते. मग तो क्रमच होऊन बसतो. शेजारचे मूल जवळ आले की त्यास ढकलावे, थोरल्या बहिणीचे केस ओढावे, कडेवर घेणाऱ्या मावशीचा हात चावावा. रविवारी उपासनेत सतरंजीवर बसलेल्या दुसऱ्या लेकराच्या डोक्यात त्याने हातातला पेला हाणला म्हणजे चार डोकी मागे वळतात, आणि आई ओशाळून मुलास उचलते व बाहेर कडुनिंबाखाली जाऊन बसते. असे दोनतीन रविवार झाले म्हणजे ती येतच नाही. देवाचे वचन ऐकण्यापासून एक तरुण बाई दूर राहिली, आणि कारण काय, तर दोन वर्षांच्या पोराचा हात. यास्तव हा विषय आम्ही किरकोळ मानीत नाही.

अशा प्रसंगी घरात दोन मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, 'तान्हं लेकरू ते, त्याला काय कळतं?' आणि हसतो. दुसरा म्हणतो, 'आजच हात आवरला नाही तर उद्या बापाच्या अंगावर धावून येईल,' आणि त्या चिमुकल्या हातावर सपकन फटका देतो. या दुसऱ्या पक्षाजवळ नीतिसूत्रांतील छडीचे वचनही बहुधा तयार असते. आमच्या मते पहिला पक्ष अर्धे खरे बोलतो. दुसऱ्याची काळजी खरी आहे, पण उपाय चुकीचा आहे. ते कसे, हे पाहू.

मूल मारते का? दीड-दोन वर्षांच्या मुलाचे पाय चालू लागलेले असतात, हातांत जोर आलेला असतो, हे माझे आणि ते तुझे एवढी जाण उगवू लागलेली असते. वाणी मात्र मागे राहिलेली असते. पोटात राग मोठा आणि तोंडात शब्द मोजके. दुसरे मूल आपला लाकडी बैल ओढून नेत आहे हे त्यास दिसते. परंतु 'तो माझा आहे, परत दे' हे वाक्य जुळवावयास त्यास अजून पुष्कळ महिने लागणार. मग जे अवयव तयार आहेत तेच बोलतात. शिवाय मनात आलेली ऊर्मी आवरून धरणे हे मेंदूच्या ज्या भागाचे काम, तो कपाळामागचा भाग सर्वांच्या शेवटी पक्व होतो. विशी उलटल्यावरही त्याची वाढ चालू असते. 'मारू नये' हे मुलास कळले तरी त्या क्षणी हात थांबविणे त्यास जमतेच असे नाही. कळणे आणि जमणे यांतले अंतर किती मोठे, हे रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात पौलासारख्या पुरुषाने आपल्याविषयीच लिहिले आहे. मग ते दोन वर्षांच्या मुलास चुकेल कसे?

कॅनडा देशातील मॉन्ट्रियल शहरी रिचर्ड त्रांब्ले या अभ्यासकाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुष्कळ मुलांची तान्हेपणापासून पुढे वर्षानुवर्षे पाहणी केली. त्यांस असे आढळले की, मारणे, ढकलणे, चावणे यांचे प्रमाण दोन ते चार वर्षांच्या दरम्यान सर्वांत अधिक असते, आणि पुढे बहुतेक मुलांत ते उतरत जाते. मूल मारावयास कोठून शिकले, असे लोक विचारतात. या अभ्यासकांचे म्हणणे असे की, मारणे शिकावे लागत नाही, न मारणे शिकावे लागते, आणि ते शिकण्याचे मुख्य वय हेच.

मंडळीच्या जुन्या आचार्यांस ही गोष्ट ठाऊक नव्हती असे नाही. उत्तर आफ्रिकेतील हिप्पो नगराचे बिशप ऑगस्टिन यांनी सन ४०० च्या सुमारास 'कन्फेशन्स' हा ग्रंथ लिहिला. त्याच्या पहिल्याच भागात ते तान्ह्या मुलांविषयी लिहितात : मोठी माणसे आपले ऐकत नाहीत म्हणून लेकरू कसे रागावते, त्यांस मारावयास कसे पाहते, आणि एकाच दाईच्या अंगावर पिणाऱ्या दुसऱ्या बाळाकडे, अजून बोलताही न येणारे एक मूल कसे फिकट व कडवट तोंडाने बघत होते. त्यांचा निष्कर्ष असा की, तान्ह्याचे निरपराधपण त्याच्या दुबळ्या अवयवांत आहे, मनात नाही.

हे वाचून आमचे काही बंधू म्हणतील, 'झाले तर मग! हे आदामाचे पाप. ते ठोकूनच काढले पाहिजे.' मनुष्यस्वभाव जन्मतःच वाकलेला आहे ही शिकवण आम्हीही सोडीत नाही. परंतु वाकलेला स्वभाव निराळा आणि जाणूनबुजून केलेला अपराध निराळा. रानातील इस्राएल लोकांस देवाने शिक्षा लावली तेव्हा, ज्या लेकरांस अद्याप बरेवाईट कळत नव्हते त्यांस त्याने त्या शिक्षेतून वगळले आणि वचनदत्त देश त्यांसच दिला. अनुवाद १:३९ हे वचन सावकाश वाचावे. आणि ऑगस्टिनचा ग्रंथ उघडलाच आहे तर आणखी थोडे पुढे जावे. तेथे ते सांगतात की, शाळेत आपणास फटके बसत, ते बसू नयेत म्हणून आपण लहानपणी देवाची कळवळून प्रार्थना करीत असू, आणि मोठी माणसे, प्रत्यक्ष आईबापसुद्धा, त्या फटक्यांस हसत असत. तान्ह्याच्या पापाविषयी इतके कठोर लिहिणाऱ्या पुरुषाच्या मनात त्या माराची ठणक प्रौढपणीही राहिली होती.

आता छडीच्या वचनाविषयी. नीतिसूत्रे १३:२४ येथे, मुलाला शिस्त लावण्यास कचरणाऱ्या बापास त्याचा वैरी ठरविले आहे. जे शब्द तेथे आहेत ते आम्ही पुसू इच्छीत नाही. छडी म्हणून जो इब्री शब्द तेथे आहे तो 'शेबेट'. तेविसाव्या स्तोत्रात मेंढपाळाच्या हाती आहे तोही तोच, आणि लेवीय २७:३२ येथे ज्या काठीखालून मेंढरे मोजली जातात तीही तीच. यावरून कित्येक जण म्हणतात की, छडी म्हणजे केवळ वाट दाखविणे. हा अर्थ आम्हांस जरा अधिकच सोयीचा वाटतो. तेविसाव्या अध्यायात तर मारण्याचा उल्लेख उघड आहे. परंतु ही शिस्त कोणास लावावयाची, हे त्या ग्रंथालाच विचारावे. पहिल्या अध्यायात ज्यास उपदेश चालला आहे त्यास लुटारूंची टोळी आपल्यात ओढू पाहत आहे. पाचव्या व सातव्या अध्यायांत त्यास परस्त्री भुलवीत आहे. हा मिसरूड फुटलेला तरुण आहे, झोळीतून नुकता उतरलेला नव्हे. अंगावर पिणाऱ्या आणि दूध तुटलेल्या लेकरांकरिता इब्री भाषेत निराळे शब्द आहेत, आणि छडीच्या वचनांत ते येत नाहीत. तरुणाकरिता सांगितलेली शिक्षा दोन वर्षांच्या मुलास लावणे म्हणजे मोटेच्या बैलाचे जू वासराच्या मानेवर ठेवणे होय. मोठ्या मुलांविषयीचा प्रश्न या पाठाचा नाही. मात्र आपल्या देशात सन २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मुलास मारण्यास बंदी आहे, हे शब्बाथशाळेच्या शिक्षकांनीही ध्यानात ठेवावे.

आमच्या मंडळ्यांत ही रीत केवळ शास्त्रातून आली असेही नाही. जॉन वेस्ली यांची माता सुझॅना यांनी सन १७३२ मध्ये पुत्रास एक पत्र लिहिले. मुलाची इच्छाशक्ती लवकर जिंकून घ्यावी, आणि वर्षाचे झाले की त्यास छडीचे भय वाटावयास व हळू रडावयास शिकवावे, असे त्यात आहे. ते पत्र इंग्लंडात व पुढे मिशनांतूनही पुष्कळ वाचले गेले. त्या साध्वीच्या श्रमांविषयी आम्हांस आदर आहे. तथापि वर्षाच्या मुलाने हळू रडावे, हा नियम पवित्र शास्त्रात कोठेही नाही.

फटक्याविरुद्ध आणखी एक साधी गोष्ट आहे. 'मारू नकोस' असे म्हणत आपण मारतो तेव्हा मूल शब्द ऐकत नाही, हात पाहते. आणि त्यावरून त्यास एवढेच समजते की, मोठ्याने धाकट्यास मारलेले चालते. मग ते आपल्याहून धाकटे कोण आहे ते शोधू लागते. फटक्याने हात त्या घटकेपुरता थांबतो, यात संशय नाही. म्हणूनच तर लोकांचा त्यावर इतका विश्वास बसतो.

आता होशेयाचा अकरावा अध्याय घ्यावा. देव तेथे इस्राएलाविषयी बाप आपल्या लेकराविषयी बोलतो तसा बोलतो. त्याने एफ्राइमास चालावयास शिकविले, त्याचे बाहू धरले, प्रीतीच्या दोऱ्यांनी त्यास ओढून घेतले, खाली वाकून त्यास भरविले. सबंध शास्त्रात, चालावयास शिकणाऱ्या मुलाचा बाप म्हणून देवाचे चित्र याहून स्पष्ट आम्हांस आढळलेले नाही, आणि त्या चित्रात देवाच्या हाती लेकराचा हात आहे. हा अध्याय लाडाचा आहे असेही कोणी समजू नये. तो बंडखोर लोकांस उद्देशून आहे, आणि पुढच्याच वचनांत शिक्षेची भाषा आहे. परंतु ती शिक्षा प्रौढ राष्ट्राला. पाऊल टाकावयास शिकणाऱ्याचा मात्र हात धरला आहे.

घरात हे असे उतरवावे. हात उगारलेला दिसताच तो मनगटाशी धरावा. सुटणार नाही इतका घट्ट, पण दुखणार नाही असा. उभे राहून वरून ओरडू नये. गुडघे टेकून आपले तोंड त्याच्या तोंडासमोर आणावे आणि दोनतीनच शब्द बोलावे : 'मारायचं नाही. दुखतं.' इतके पुरे. उपदेश लांबला की मुलास तो नुसता आवाज होतो, आणि खरे सांगावयाचे तर देवळातल्या मोठ्यांचेही तसेच होते. बोलताना हसू नये; कारण आईचे तोंड हसते आणि शब्द रागावतात, अशा वेळी मूल तोंडावर विश्वास ठेवते.

मग ज्यास लागले त्याजकडे आधी जावे. त्याचे डोके चोळावे, त्यास जवळ घ्यावे, आणि मारणाऱ्या मुलास हे सारे पाहू द्यावे. आपण सगळे मारणाऱ्याभोवतीच गोळा झालो तर मारणे ही आईला बोलावण्याची युक्ती होऊन बसते. त्यानंतर ज्या गोष्टीकरिता हात उठला तिचा शब्द त्यास द्यावा. खेळणे हवे होते तर 'मला दे' म्हणावयास लावावे. कोणी फार जवळ आले म्हणून ढकलले असेल तर 'सरक' किंवा 'नको' शिकवावे. पहिल्या दिवशी ते म्हणणार नाही. आपणच त्याच्या वतीने म्हणावे. ज्या मुलास 'नको' म्हणता येते आणि ज्याचे 'नको' घरात ऐकले जाते, त्यास हात चालविण्याचे कारण पुष्कळ कमी उरते. 'हळू' हाही शब्द असाच हाताने शिकवावा. त्याचा तळवा आपल्या हाती घेऊन वासराच्या पाठीवरून, बाळाच्या पावलावरून फिरवावा आणि 'हळू, हळू' म्हणावे. त्या हाताला काय करू नये एवढेच सांगून भागत नाही. काय करावे हेही त्यास दाखवावे लागते.

इतके करूनही पुन्हा मारले तर उचलून दोन हात बाजूला घेऊन बसावे, आणि आपण जवळच राहावे. अंधाऱ्या खोलीत कोंडू नये, उपाशी ठेवू नये, बागुलबोवाचे किंवा पोलिसाचे भय घालू नये. आणि ख्रिस्ती घरांत एक भय याहून वाईट घातले जाते, त्याविषयी आम्ही स्पष्ट लिहितो. 'देव तुला मारील' असे मुलास कधीही म्हणू नये. देव हा शब्द ते प्रथमच ऐकत आहे. मार्काच्या दहाव्या अध्यायात लोकांनी बाळके आणली, शिष्यांनी त्यांस दटाविले, तेव्हा प्रभूला राग आला तो शिष्यांचा. बाळकांस त्याने कवेत घेतले आणि त्यांजवर हात ठेविले. त्यांपैकी एकानेही शिष्यांस नख लावले नसेल, असे आम्हांस वाटत नाही.

आज शिकविले आणि उद्या पुन्हा मारले, म्हणजे श्रम फुकट गेले असे समजू नये. जोंधळा पेरून तिसऱ्या दिवशी माती उकरून पाहणाऱ्या कुणब्यास आपण काय म्हणू? महिनोन्‌महिने तेच दोन शब्द, तेच हात धरणे, आणि घरातल्या सर्वांनी एकसारखेच. आई हात धरते, आजोबा हसतात, काका टपली मारतो, अशा घरात मूल काही शिकले नाही तर दोष त्याचा नाही.

हातांना काम द्यावे, हेही उपायातच येते. कणकेचा गोळा, दोन तांबे आणि पाणी, ओली माती, दाणे काढलेली मक्याची बुरखुंडे, एवढ्यावर दोन वर्षांचे मूल पुष्कळ वेळ रमते. शेंगदाणे, हरभरे, चिंचोके मात्र देऊ नयेत; ते नाकात जातात, घशात अडकतात, आणि त्याने जीवही जातो. भजनाच्या वेळी ढोलकीवर थाप मारू द्यावी. त्या हातास कोठेतरी मारण्याची मोकळीक असावी, आणि ढोलकीस दुखत नाही. ताराबाई मोडक यांनी सन १९४५ मध्ये, आता पालघर जिल्ह्यात असलेल्या बोर्डी येथे, खेड्यातील लहान मुलांकरिता काम सुरू केले, आणि पुढे सन १९५७ पासून अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडच्या टेकडीवर चालविले. गोरगरिबांच्या मुलांस दगड, पाने, बिया, माती याच साधनांनी त्यांनी शिकविले, आणि तेही मार न देता. या बाया आमच्या मंडळीतल्या नव्हत्या. परंतु पुष्कळ ख्रिस्ती घरांनी त्यांजकडून शिकावे असे आहे.

एवढे लिहिल्यावर ज्या गोष्टी मोठी माणसे स्वतः शिकवितात त्यांकडे वळले पाहिजे. मूल धडपडते, रडते, आणि आजी लगोलग जमिनीवर चापट मारून म्हणते, 'हात् रे! माझ्या बाळाला पाडलं का?' मग बाळालाही चापट मारावयास लावते, आणि बाळ हसते. आजीच्या मनात मायेखेरीज काही नाही. पण बाळाला त्यातून मिळते ते हे की, दुखले म्हणजे कोणालातरी मारावे, आणि मारले म्हणजे बरे वाटते. त्याऐवजी 'पडलास? कुठं लागलं?' म्हणून ती जागा चोळावी. तसेच 'मामाला मार, मार' म्हणून मुलाचा हात धरून मामाच्या तोंडावर आपटवितात, आणि सारे घर हसते. तेच मूल दुसऱ्या दिवशी पाहुण्यास मारते तेव्हा त्यास धपाटा बसतो. काल ज्याचे कौतुक झाले त्याचीच आज शिक्षा का, हे त्याने कसे ओळखावे? आणखी असे की, मुलगा मारतो तेव्हा 'वाघ आहे वाघ!' म्हणणारी माणसे मुलीने मारले की 'सासरी कशी नांदेल?' म्हणतात. ही दोन मापे आमच्या घरांतून अजून गेलेली नाहीत.

याहून जड गोष्ट बापांस सांगावयाची आहे. ज्या घरात नवरा बायकोवर हात टाकतो त्या घरातल्या मुलास न मारणे शिकविता येत नाही. मूल झोपले आहे असे आपण समजतो. ते पुष्कळदा झोपलेले नसते. दोन वर्षांच्या मुलाने आईस मारले आणि ती मुकाट्याने बसली, तर या बाईस मारावयाचेच असते, असा त्याचा समज झालेला असू शकतो. उपदेशकाने असे घर ओळखावे. तेथे मुलाविषयी पाठ वाचून येणे म्हणजे जखमेची वास येणारी पट्टी तशीच ठेवून वरून सुगंधी तेल लावणे होय. बापास बाहेर, शेतात किंवा विहिरीवर, एकट्यास गाठून बोलावे. आणि त्या बाईस हेही सांगून ठेवावे की, सन २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने तिला संरक्षण मागता येते. पौल कलस्सै येथील मंडळीस लिहितो तेव्हा मुले खचून जातील असे त्यांस चिडवू नये, ही ताकीद तो बापांस देतो. त्या काळच्या रोमी कायद्यात बापाचा अधिकार मुलाच्या जिवावरही चालत असे. अशा बापांस, तुमच्या वागण्याने मुलाचे मन खचेल, ते सांभाळा, असे सांगणारा तो एक तुरुंगातला कैदी होता.

आणखी एक प्रसंग वारंवार येतो. दोन वर्षांचे मूल अंगावर पीत असते. आईस पुन्हा दिवस जातात. कडुनिंबाचा पाला वाटून लावतात आणि दूध एका दिवसात तोडतात. पुढे नवे बाळ येते, आणि तेच दूध त्या बाळास मिळताना थोरले उभे राहून बघते. ऑगस्टिनने पाहिलेले फिकट तोंड ते हेच. अशा वेळी ते बाळास चिमटे काढते, पाळण्यावर खडा मारते. त्यास 'दुष्ट' म्हणू नये. बाळास त्याजवळ एकटे ठेवू नये, ही सावधगिरी घ्यावीच; परंतु दिवसातून एकदा तरी बाळ आजीकडे देऊन आईने थोरल्यास मांडीवर घ्यावे. दूध एकदम न तोडता हळूहळू सोडवावे. आणि या महिन्यांत बापाने थोरल्यास आपल्याबरोबर मळ्यात न्यावे, जेवताना आपल्या ताटाशी बसवावे. इतके करणारा बाप उपदेशकास दिसला तर त्याचे चारचौघांत नाव घेऊन कौतुक करण्यास हरकत नाही.

थोरल्या बहिणीस आम्ही विसरलो नाही. आईबाप ऊसतोडीस किंवा खुरपणीस गेले म्हणजे सातआठ वर्षांची ताई दिवसभर त्या मुलास कडेवर वागविते. ते तिचे केस ओढते, तोंड ओरबाडते. तिने हात उचलला तर संध्याकाळी तिलाच मार. तिचे ओरबाडे कोण मोजतो? मुलाने ताईस मारले तरी आईस मारल्याप्रमाणेच हात धरला गेला पाहिजे, आणि ताईलाही सांगितले पाहिजे की, 'तुला दुखलं, हे आम्ही पाहिलं.' शक्य असेल तेथे मूल अंगणवाडीत पाठवून ताईस शाळेत पाठवावे.

मंडळीविषयी थोडे. मुलाचा बाप्तिस्मा वा अर्पणविधी होतो तेव्हा मंडळी त्याच्या ख्रिस्ती वाढीत आईबापांस साह्य करण्याचे वचन देते. ते वचन पाळण्याची पहिली जागा सतरंजीचा मागचा कोपरा होय. तेथे एक गोधडी टाकावी, दोनचार डबे व कापडी चेंडू ठेवावे, आणि पाळीपाळीने एका वडील बाईने बसावे. आई मूल घेऊन बाहेर गेली तर दुसऱ्या एका बाईने उठून तिच्याजवळ जाऊन बसावे. उपासनाही आखडती घ्यावी. दोन तास गप्प बसणे दोन वर्षांच्या मुलास शक्य नाही, आणि भूक व झोप यांनी कावलेले मूल अधिक मारते. पाळकांनी व उपदेशकांनी प्रवचन थांबवून त्या आईकडे रोखून बघू नये.

शेवटी प्रकृतीविषयी. काही मुले राग म्हणून मारीत नाहीत. कान दुखतो, दात येत असतात, जंत झालेले असतात, रात्रभर झोप नसते, म्हणून मारतात. दोन वर्षे पुरी होऊनही मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, हाक मारल्यास वळत नसेल, डोळ्यास डोळा देत नसेल, किंवा येत असलेले शब्द विसरू लागले असेल, तर त्यास ऐकू येते की नाही हे प्रथम तपासून घ्यावे. जे मूल ऐकत नाही त्यास आपण 'ऐकत नाही' म्हणून मारीत असू, तर तो केवढा अन्याय होईल! चार वर्षे उलटल्यावरही मारणे वाढतच असेल, किंवा मूल स्वतःचेच डोके भिंतीवर आपटीत असेल, तर भगताकडे अंगारा आणावयास जाऊ नये आणि नुसत्या प्रार्थनेवरही थांबू नये. सन २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीत मुलांच्या तपासणीस पथक येते, आणि पुढील तपासणीकरिता जिल्ह्याच्या ठिकाणी पाठविण्याची सोय आहे. पथक केव्हा येणार हे अंगणवाडीताईंस विचारून ठेवावे. त्या दिवशी बापानेही रोजगार बुडवून बरोबर जावे. मूल केव्हा मारते, कोणास मारते, काय बोलते, असे डॉक्टर विचारतील, आणि पहाटे व रात्री घरात जे घडते ते दोघांनी मिळून सांगितले तरच पुरते सांगता येईल.